प्रोग्रॅमच्या पोटातली प्रत



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांनी आयुष्यभर कंपायलर आणि सिस्टिम प्रोग्रॅमिंग शिकवलं. अभ्यासक्रमात लिंकरच्या वाट्याला जेमतेम दोन तास यायचे, पण सर तिथे हटकून रेंगाळायचे. त्यामुळे आज बोलायला काही भव्य विषय निवडण्यापेक्षा त्यांच्या आवडीच्या त्या कोपऱ्यातलाच एक प्रश्न मी घेतला आहे.

सी भाषेत चार ओळींचा प्रोग्रॅम लिहा, पडद्यावर ‘नमस्कार’ एवढंच छापणारा. लिनक्सवर तो नेहमीच्या पद्धतीनं बिल्ड केला, तर तयार होणारी फाइल सुमारे १६ किलोबाइटची असते. कंपायलरला ‘स्टॅटिक’ एवढा एक पर्याय जास्तीचा दिला, की तीच फाइल आठ-नऊशे किलोबाइटपर्यंत जाते. तुम्ही लिहिलेल्या ओळी त्याच आहेत आणि पडद्यावर दिसणारा शब्दही तोच आहे. मग ही भर कशाची?

ही भर रनटाइम लायब्ररीची. आपण लिहिलेलं मेन फंक्शन सुरू होण्याआधी बरंच काही घडून गेलेलं असतं. ऑपरेटिंग सिस्टिमनं दिलेली मेमरी ताब्यात घ्यायची, मागितल्यावर तिचे तुकडे देण्याची व्यवस्था लावायची, इनपुट-आउटपुटचे बफर तयार करायचे, थ्रेडची माहिती मांडायची, वापरणाऱ्याची भाषा आणि देश कोणता ते ठरवायचं. ही सगळी कामं करणारा कोड आपण लिहीत नाही. तो कंपायलरसोबत किंवा ऑपरेटिंग सिस्टिमसोबत येतो. आपल्या प्रोग्रॅमला तो दोन प्रकारे मिळू शकतो. एक, लिंकरनं बिल्ड करतानाच त्याची प्रत आपल्या फाइलमध्ये घालायची. हे स्टॅटिक लिंकिंग. दुसरा, फाइलमध्ये फक्त त्याचं नाव लिहून ठेवायचं आणि प्रोग्रॅम सुरू होताना त्या मशिनवर असलेली लायब्ररी जोडून घ्यायची. हे डायनॅमिक लिंकिंग.

यांतलं चांगलं कोणतं, यावर आपल्या क्षेत्रात फार जुना वाद आहे आणि तो बहुतेक वेळा फाइलचा आकार आणि वेग यांवर घातला जातो. ते मला दुय्यम वाटतं. माझं म्हणणं असं आहे, की लायब्ररीची प्रत ज्यानं आपल्या प्रोग्रॅममध्ये घेतली, त्यानं त्या प्रतीच्या दुरुस्तीची जबाबदारीही घेतली. ती घ्यायला हरकत काहीच नाही, काही ठिकाणी ती घ्यायलाच हवी. पण ती घेतली आहे हे घेणाऱ्याला ठाऊक हवं. आज बिल्डच्या सेटिंगमध्ये एक पर्याय बदलून हा निर्णय होतो आणि घरी जाताना तो कुणाच्या लक्षातही राहत नाही.

मुळात सुरुवात स्टॅटिकनंच झाली. केंब्रिज विद्यापीठात ६ मे १९४९ रोजी एडसॅक या संगणकानं आपला पहिला प्रोग्रॅम चालवला. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅनली गिल या तिघांनी पुढे १९५१ साली प्रोग्रॅम कसे लिहावेत यावर पुस्तक लिहिलं, आणि त्या पुस्तकाचा गाभाच सबरूटीनची लायब्ररी हा होता. ही लायब्ररी म्हणजे एक कपाट होतं. त्यात भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्या ठेवलेल्या असत, एकेका पट्टीवर एकेक सबरूटीन. वर्गमूळ हवं असेल तर ती पट्टी काढायची, यंत्रावर तिची नक्कल आपल्या प्रोग्रॅमच्या पट्टीवर उतरवायची आणि मूळ पट्टी परत कपाटात ठेवायची. १९५१ पर्यंत त्या संग्रहात ८७ सबरूटीन जमली होती. ती नक्कल मेमरीत कुठेही बसली तरी तिच्यातले पत्ते जुळावेत, याची सोय व्हीलर यांनी आपल्या ‘इनिशियल ऑर्डर्स’मध्ये केली होती. लिंकर आणि लोडरचं काम ते हेच.

आता विचार करा. कपाटातल्या पट्टीत चूक सापडली, तर कपाटातली पट्टी बदलता येते. पण ज्या प्रोग्रॅमनी तिची नक्कल आधीच घेतली, त्यांच्या पट्ट्यांवर चूक तशीच राहते. एका प्रयोगशाळेत, एकाच मशिनवर, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांत हे निभावतं. प्रती लाखांच्या संख्येनं जगभर गेल्या, की निभावत नाही.

डायनॅमिक लिंकिंग रुळलं ते मात्र दुरुस्तीच्या विचारानं नव्हे, मुख्यतः मेमरीच्या टंचाईनं. १९६० च्या दशकात मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमनं ती कल्पना प्रत्यक्षात आणली. विंडोजच्या १९८५ च्या पहिल्या आवृत्तीपासून डीएलएल, म्हणजे अशा चालताना जोडून घ्यायच्या लायब्ररी, होत्या. युनिक्सच्या जगात १९८८ च्या सनओएस ४.० नं आज आपण वापरतो त्या घाटाच्या शेअर्ड लायब्ररी आणल्या. खिडक्यांची प्रणाली आल्यावर प्रत्येक छोट्या प्रोग्रॅममध्ये तिची अख्खी लायब्ररी भरणं परवडेना. एकच प्रत मेमरीत ठेवून सगळ्यांनी वापरली तर जागा वाचते, हा साधा हिशेब होता. एकच प्रत असली तर ती एकदाच दुरुस्त करावी लागते, हा फायदा त्यासोबत आला आणि पुढे तोच मोठा ठरला.

मग लोक स्टॅटिककडे परत का वळले? ज्यानं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या मशिनवर बसवून दिलं आहे त्याला हे सांगावं लागत नाही. विंडोजवर प्रोग्रॅम उघडावा आणि अमुक एक रनटाइम डीएलएल सापडत नाही अशी चौकट यावी. लिनक्सवर आपल्या नव्या मशिनवर बिल्ड केलेला प्रोग्रॅम जुन्या सर्व्हरवर न्यावा आणि जीलिबसी या तिथल्या नेहमीच्या सी लायब्ररीची हवी ती आवृत्ती नाही असं सांगून तो बंद पडावा. जुन्या जीलिबसीवर बिल्ड केलेला प्रोग्रॅम नव्यावर चालतो, उलट चालेलच असं नाही. विंडोजवर तर १९९० च्या दशकात प्रत्येक इन्स्टॉलर आपल्याजवळची डीएलएल सिस्टिमच्या फोल्डरमध्ये टाकत असे आणि दुसऱ्याच कुणाचा तरी प्रोग्रॅम मोडत असे. त्या अनागोंदीला ‘डीएलएल हेल’ हे नाव पडलं आणि मायक्रोसॉफ्टला सिस्टिमच्या फाइलींवर पहारा बसवावा लागला.

आपल्याकडची परिस्थिती आठवा. तालुक्याच्या गावातली पतसंस्था, शाळेची संगणक खोली, इस्पितळातलं तपासणी यंत्राला जोडलेलं मशिन. नेट नाही किंवा असून नसल्यासारखं. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड कुणाकडे आहे ते माहीत नाही. अशा ठिकाणी व्हिज्युअल सी प्लस प्लसचं रनटाइम वेगळं बसवायला सांगणं म्हणजे काम थांबवणं. पेनड्राइव्हवरून एक फाइल कॉपी केली आणि ती चालली, याचं मोल तिथे फार मोठं आहे. तिथे प्रत्यक्ष काम करणाऱ्या इंजिनिअरनं स्टॅटिकचा पर्याय निवडला तर त्याला अडाणी म्हणणाऱ्यांतला मी नाही. त्याची अडचण खरी आहे.

पण त्या पर्यायाच्या आत काय आहे ते त्याला कळायला हवं. विंडोजवर हा पर्याय कंपायलरच्या ‘एमटी’ आणि ‘एमडी’ या दोन सेटिंगांतून निवडला जातो. एमटी म्हणजे रनटाइम आत घ्यायचं, एमडी म्हणजे डीएलएलमधून वापरायचं. एकच सुटी एक्झिक्युटेबल फाइल असेल तर एमटी बिनतक्रार चालतं. प्रश्न सुरू होतो तो प्रोग्रॅमला स्वतःच्या डीएलएल असतात तेव्हा. समजा मुख्य प्रोग्रॅम आणि त्याच्या तीन डीएलएल, सगळ्यांनी एमटी निवडलं. आता एकाच प्रोसेसमध्ये रनटाइमच्या चार प्रती आहेत आणि प्रत्येकीची आपापली स्थिती आहे. मेमरीचे तुकडे कुणाला दिले त्याची नोंद, उघडलेल्या फाइलींचा तक्ता, शेवटच्या चुकीचा क्रमांक, लोकेल म्हणजे भाषा-देशाची निवड, यादृच्छिक संख्यांचं बीज, सगळं चार-चार.

एका डीएलएलनं फाइल उघडली आणि तिचा पॉइंटर मुख्य प्रोग्रॅमला दिला, तर मुख्य प्रोग्रॅमचं रनटाइम त्या फाइलीला ओळखत नाही. एकीकडे लोकेल बदललं तरी दुसरीकडे जुनंच राहतं. सगळ्यात वाईट म्हणजे, एका प्रतीच्या मॅलॉकनं दिलेली मेमरी दुसऱ्या प्रतीच्या फ्रीकडे परत गेली, तर ज्या हिशेबात ती कधी नव्हतीच तिथे ती जमा होते. कधी प्रोग्रॅम तिथेच पडतो. कधी पडत नाही, नोंद तेवढी बिघडते आणि तासाभरानं भलत्याच ठिकाणी, भलत्याच फंक्शनमध्ये तो कोसळतो. आता विंडोजची नवी रनटाइमं प्रोसेसचा एकच सामाईक मेमरीसाठा, म्हणजे हीप, वापरतात, त्यामुळे ही टक्कर पुष्कळदा झाकली जाते आणि विद्यार्थ्यांचा समज होतो की असं करणं चालतं. डीबग आणि रिलीज बिल्डची सरमिसळ झाली की तो समज मोडतो. सी प्लस प्लसमध्ये तर हे आणखी अवघड, कारण एक साधी स्ट्रिंग फंक्शनमधून परत दिली तरी तिच्या पोटातली मेमरी सीमा ओलांडून जाते.

म्हणून नियम असा, की ज्यानं मेमरी दिली त्यानंच ती परत घ्यावी, आणि डीएलएलच्या सीमेवरून फक्त साधे सी प्रकार जावेत. स्टॅटिक रनटाइम निवडणाऱ्यानं हा नियम पाळायचा आणि आपली डीएलएल वापरणाऱ्याला तो लेखी कळवायचा. दुरुस्तीच्या जबाबदारीची ही पहिली पायरी आहे आणि ती बिल्डच्या दिवशीच लागू होते.

लिनक्सवरची गोष्ट वेगळी आहे. तिथे जीलिबसीशी स्टॅटिक लिंक केलं तरी प्रोग्रॅम पुरता स्वतंत्र होत नाही. सर्व्हरचं नाव देऊन त्याचा पत्ता शोधणारं किंवा वापरकर्त्याची नोंद वाचणारं फंक्शन वापरलं, की लिंकर स्वतःच इशारा देतो की प्रोग्रॅम चालवताना याच आवृत्तीची शेअर्ड लायब्ररी लागेल. कारण जीलिबसी ही माहिती कुठून आणायची ते चालत्या वेळी ठरवते आणि त्यासाठी लहान मोड्यूल डायनॅमिक पद्धतीनं उघडते. आपण सगळं सोबत घेतलं असं समजतो आणि नेमकं नेटवर्कचं काम आलं की बाहेरच्या लायब्ररीची गरज पडते.

पुरता स्वतंत्र स्टॅटिक प्रोग्रॅम हवा असेल, तर त्यासाठी मसल ही सी लायब्ररी आहे. रिच फेल्कर यांनी २०११ साली ती प्रसिद्ध केली, आणि स्टॅटिक लिंकिंग नीट चालावं हा तिच्या रचनेतला पहिल्यापासूनचा हेतू आहे. अल्पाइन लिनक्स २०१४ पासून तिच्यावर उभं आहे आणि त्यामुळे आज असंख्य कंटेनरमध्ये ती आहे. तिचा कोड वाचावा इतका स्वच्छ आहे. विद्यार्थ्यांना मी आग्रहानं सांगतो की रनटाइम म्हणजे काय ते कळायचं असेल तर मसल वाचा. पण तिनं काय सोडलं आहे तेही पाहा, कारण ते थेट मराठीशी येऊन भिडतं.

आपल्या वर्णमालेत ह नंतर ळ येतो, मग क्ष आणि ज्ञ. युनिकोडच्या क्रमांकांत मात्र ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे. त्यामुळे नुसत्या क्रमांकांवर यादी लावली, तर ‘काळा’ आधी येतो आणि ‘कावळा’ नंतर. शाळेत शिकलेल्या क्रमानं ‘कावळा’ आधी यायला हवा. ‘क्षमा’ तर ख च्या आधी, क च्या शब्दांतच जाऊन बसते. मराठीचा क्रम हवा असेल तर तो लोकेलच्या माहितीतून आणि ती माहिती मानणाऱ्या तुलनेच्या फंक्शनमधून यावा लागतो. मसलमधलं ते फंक्शन फक्त बाइट ताडून पाहतं. म्हणजे सुटसुटीत स्टॅटिक फाइल मिळावी म्हणून कुणी मसलकडे गेलं, तर मतदारांची, सभासदांची किंवा विद्यार्थ्यांची यादी वेगळ्या क्रमानं लागते आणि कुठलीही चूक दाखवली जात नाही. ज्याला मराठी यादी द्यायची आहे त्यानं त्या क्रमाची व्यवस्था वेगळी करावी लागते. रनटाइम हा काही नुसता यंत्राचा भाग नाही, त्यात आपली भाषा आणि आपली दफ्तरंही असतात.

रुपयाचं चिन्ह घ्या. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं ते स्वीकारलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोड ६.० मध्ये त्याला क्रमांक मिळाला. कोणता क्रमांक अक्षर आहे, कोणता चलनाचं चिन्ह आहे, कोणता अजून कुणालाच दिलेला नाही, याचे तक्ते लायब्ररीत असतात. सिस्टिमची लायब्ररी बदलली तर तिच्यावर टेकलेले सगळे प्रोग्रॅम नवं चिन्ह ओळखू लागतात. जुन्या तक्त्यांची प्रत पोटात घेतलेला प्रोग्रॅम मात्र, पुन्हा बिल्ड होईपर्यंत, त्याला न दिलेला क्रमांकच समजत राहतो. जगभरच्या घड्याळांच्या वेळांचंही तसंच. निरनिराळे देश आपले नियम बदलतात आणि त्यांचा तक्ता वर्षातून अनेकदा सुधारला जातो. गो भाषेनं २०२० साली, १.१५ या आवृत्तीत, हा तक्ता प्रोग्रॅममध्येच भरण्याची सोय दिली. सोय उपयोगी आहे. मात्र ती घेतलेल्या प्रोग्रॅमला सिस्टिमवर दुसरा तक्ता मिळाला नाही, तर तो बिल्डच्या दिवशीच्या नियमांवरच चालतो.

गो भाषेचं नाव निघालं आहे तर तिची एक हकिकत सांगितली पाहिजे. २००९ साली ती जाहीर झाली, आणि आपलं रनटाइम स्वतःच्या पोटात घेऊन चालणं हा तिचा स्वभाव पहिल्यापासूनचा. ती सी लायब्ररीलाही वगळून थेट कर्नलला सिस्टिम कॉल करत असे. लिनक्सवर हे ठीक चालतं, कारण लिनक्स कर्नल सिस्टिम कॉलचं वचन कसोशीनं पाळतो. ॲपलनं असं वचन कधी दिलेलं नव्हतं. त्यांचं वचन त्यांच्या सिस्टिम लायब्ररीपुरतं होतं, तिच्याखाली काय बदलेल याची हमी नव्हती. २०१६ साली मॅकओएस सिएरा आली, वेळ सांगणाऱ्या सिस्टिम कॉलची आतली रीत बदलली आणि जुन्या गो कंपायलरनं तयार केलेले प्रोग्रॅम कोसळू लागले. नव्या कंपायलरनं ते पुन्हा बिल्ड करावे लागले. पुढे २०१९ च्या १.१२ आवृत्तीपर्यंत गोनं मॅकवर निमूटपणे ॲपलच्या सिस्टिम लायब्ररीतून जाण्याचा मार्ग धरला. सोलारिस या युनिक्सनंही आवृत्ती १० पासून स्टॅटिक सी लायब्ररी देणं बंद केलं ते याच तत्त्वावर. आपण कशाची प्रत आत घेऊ शकतो, हे खालच्या थरानं कोणत्या सीमेवर वचन दिलं आहे त्यावर ठरतं. लिनक्सवर ती सीमा कर्नलची आहे, विंडोज आणि मॅकवर ती सिस्टिमच्या लायब्ररीची आहे. अभ्यासक्रमात हे एक वाक्य जरी आलं तरी पुष्कळ गोंधळ टळेल.

आता सुरक्षिततेकडे येतो. आजच्या व्याख्यानाचा खरा आधार इथेच आहे.

झेडलिब ही माहिती दाबून लहान करणारी आणि परत उलगडणारी लायब्ररी. जाँ-लू गेयी आणि मार्क ॲडलर यांनी ती १९९५ साली दिली. लहान, वेगवान, फुकट, फारशा अटींशिवाय वापरता येणारी. त्यामुळे ती सगळ्यांनी घेतली. मार्च २००२ मध्ये तिच्या १.१.३ या आवृत्तीत दोष जाहीर झाला. मुद्दाम बिघडवलेली माहिती उलगडायला दिली, की ती मेमरीचा एकच तुकडा दोनदा परत करत असे, आणि त्यातून हल्ला करता येण्याची वाट उघडत होती. १.१.४ ही दुरुस्त आवृत्ती लगेच आली. लिनक्सच्या वितरणांनी शेअर्ड लायब्ररी बदलली आणि तिच्यावर चालणारे सगळे प्रोग्रॅम एका फाइलीनं दुरुस्त झाले. तिथवर सगळं सुरळीत.

मग शोध सुरू झाला तो प्रतींचा. आरसिंक, सीव्हीएस, खुद्द लिनक्सचा कर्नल, सगळ्यांच्या पोटात झेडलिबच्या आपापल्या प्रती होत्या. ज्यांचा सोर्स कोड उघड नव्हता अशा प्रोग्रॅममध्ये त्या किती आहेत हे तर बाहेरून दिसतच नव्हतं. अशा वेळी एक गोष्ट उपयोगी पडते, आणि ती मला फार मोलाची वाटते. ॲडलर यांनी कोडमध्ये आपल्या नावाची आणि आवृत्तीच्या क्रमांकाची एक ओळ ठेवली होती आणि शेजारी विनंती लिहिली होती, की तुमच्या दस्तऐवजात आमचा उल्लेख करता येत नसेल तर निदान ही ओळ एक्झिक्युटेबलमधून काढू नका. ती विनंती श्रेयासाठी होती. पण अनोळखी फाइलीत ती ओळ सापडली, की आत झेडलिब आहे आणि ती कोणत्या आवृत्तीची आहे हे कळतं. ओळ नसेल तर उलगडण्याच्या तक्त्यांतले ठरावीक आकडे फाइलीत धुंडाळायचे. ज्यानं प्रत आत घेतली त्यानं नोंद ठेवली नाही, म्हणून दुसऱ्याला असं उत्खनन करावं लागतं.

सात वर्षांनी मायक्रोसॉफ्टवर हीच पाळी आली आणि जास्त कठीण रूपात आली. व्हिज्युअल स्टुडिओसोबत मिळणाऱ्या एटीएल या लायब्ररीत दोष निघाला. ही लायब्ररी ब्राउझरमध्येही चालणारे ॲक्टिव्हएक्सचे घटक लिहिण्यासाठी वापरली जात असे आणि तिचा बराचसा भाग टेम्प्लेट म्हणून थेट वापरणाऱ्याच्या कोडमध्ये उतरत असे. २८ जुलै २००९ रोजी, महिन्याच्या ठरल्या दिवसाची वाट न पाहता, मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती काढली. पण ती दुरुस्ती प्रोग्रॅमर मंडळींसाठी होती. तुमच्याकडचं व्हिज्युअल स्टुडिओ अद्ययावत करा, आपले घटक तपासा, पुन्हा बिल्ड करा आणि ग्राहकांपर्यंत पोचवा, असं सांगण्यापलीकडे त्यांच्या हाती फारसं काही नव्हतं. ब्राउझरमध्ये त्यांनी त्याच दिवशी एक बचावाची भिंत घातली, तेवढीच. ॲडोबीनं फ्लॅश प्लेयर पुन्हा बिल्ड करून दिला. ज्या छोट्या कंपन्यांनी एखाद्या बँकेसाठी किंवा कारखान्यासाठी घटक लिहून दिले होते आणि नंतर दारं बंद केली होती, त्यांच्या प्रोग्रॅमच्या पोटातल्या प्रतींना वाली कोण? वापरणाऱ्याला त्या प्रतींना हात लावता येत नाही, आणि ज्याला लावता आला असता तो राहिलेला नाही.

याउलट एप्रिल २०१४ मधलं हार्टब्लीड पाहा. दोष भयंकर होता, सर्व्हरच्या मेमरीतली गुपितं बाहेर पडत होती. तरी ज्या सर्व्हरवर ओपनएसएसएल ही दोष असलेली कूटलेखनाची लायब्ररी शेअर्ड म्हणून होती, तिथे एक पॅकेज बदललं आणि सेवा पुन्हा सुरू केल्या की तो दोष बंद झाला. नवी प्रमाणपत्रं आणि बदललेले पासवर्ड हे काम उरलं, पण कोड दुरुस्त होता.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, मग निकाल डायनॅमिकच्या बाजूनं लागला. तसं मी म्हणणार नाही, आणि त्याला कारण मार्च २०२४ मधलं एक्सझेड प्रकरण आहे. एक्सझेड या माहिती दाबणाऱ्या साधनाच्या लायब्ररीत, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, कुणीतरी वर्षानुवर्षं विश्वास मिळवून चोरदरवाजा घुसवला होता. दूरच्या मशिनवर लॉग-इन करू देणाऱ्या ओपनएसएसएचला या लायब्ररीची मुळात गरज नव्हती. काही वितरणांनी ओपनएसएसएचला सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीची लायब्ररी जोडली होती आणि त्या लायब्ररीच्या मागून एक्सझेडची लायब्ररी प्रोसेसमध्ये येत होती. डायनॅमिक लिंकर प्रोग्रॅम सुरू होताना जी जोडणी करतो, त्याच घडीचा फायदा घेऊन हा कोड किल्ली तपासणाऱ्या फंक्शनच्या जागी स्वतःला बसवत होता. लॉग-इनला अर्ध्या सेकंदाचा जास्तीचा उशीर का होतो, हा प्रश्न आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरनं सोडला नाही म्हणून हा चोरदरवाजा उघडकीला आला. जी वाट दुरुस्ती सगळीकडे पोचवते तीच वाट विषही सगळीकडे नेऊ शकते. लागेल तेवढंच आत घेऊन बाकीची दारं बंद करणारा स्टॅटिक प्रोग्रॅम या हल्ल्याच्या वाटेत आलाच नसता. ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या मूळ फोल्डरमधले प्रोग्रॅम आजही स्टॅटिक ठेवते, आणि फ्रीबीएसडी संकटकाळासाठी स्टॅटिक प्रोग्रॅमचा एक वेगळा संच राखते, कारण लायब्ररीच बिघडली तर दुरुस्तीची हत्यारं तरी चालली पाहिजेत. हे निर्णय विचारपूर्वक घेतलेले आहेत, आणि ते घेणाऱ्यांकडे सगळी सिस्टिम एका हुकमात पुन्हा बिल्ड करण्याची ताकद आहे.

ती ताकद हाच माझ्या दृष्टीनं कस आहे. डेबियन या लिनक्स वितरणाचं उदाहरण मला प्रामाणिकपणाचा नमुना वाटतं. २०१९ साली डेबियन १० आली तेव्हा तिच्या रिलीज नोट्समध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं, की गो भाषेतल्या पॅकेजांना सुरक्षेचा आधार मर्यादित राहील, कारण दुसऱ्या पॅकेजांचे भाग स्टॅटिक पद्धतीनं पोटात घेणारी पॅकेजं मोठ्या संख्येनं पुन्हा बिल्ड करण्याची नीट सोय आपल्या यंत्रणेत अजून नाही. आपल्याला काय जमत नाही ते त्यांनी वापरणाऱ्याला आधीच सांगितलं. कोणत्या पॅकेजात कुणाची प्रत आहे हे नोंदवण्यासाठी त्यांच्याकडे पॅकेजच्या माहितीत वेगळा रकाना आहे. गोनंही पुढे एक्झिक्युटेबलमध्येच आतल्या मोड्यूलांची नावं आणि आवृत्त्या लिहून ठेवण्याची पद्धत पक्की केली. अमुक फाइलीत दोष असलेली आवृत्ती आहे का, हे ती फाइल हातात असलेला कुणीही विचारू शकतो.

एका परवान्यानंही ही जबाबदारी फार आधी ओळखली होती. ग्नूच्या लायब्ररींसाठी असलेला एलजीपीएल परवाना १९९१ सालचा. लायब्ररी तुम्ही स्टॅटिक पद्धतीनं आत घेतलीत, तर तुमच्या प्रोग्रॅमच्या ऑब्जेक्ट फाइली तरी वापरणाऱ्याला द्या, म्हणजे लायब्ररी बदलून त्याला स्वतः पुन्हा लिंक करता येईल, असं तो सांगतो. पुष्कळ कंपन्यांना ही अट कटकटीची वाटते आणि ती टाळायला त्या डायनॅमिक लिंकिंग निवडतात. मला ती अट न्याय्य वाटते. दुरुस्तीचा अधिकार वापरणाऱ्याकडून काढून घ्यायचा असेल तर त्याला साधनं द्यावी लागतील, एवढंच ती म्हणते. जीसीसी या ग्नूच्या कंपायलरच्या रनटाइमसाठी मात्र २००९ चा स्वतंत्र अपवाद आहे, म्हणून जीसीसीनं बिल्ड केलेला प्रत्येक प्रोग्रॅम ग्नूच्या जीपीएल परवान्याखाली येत नाही.

आता आपल्याकडे काय करता येईल ते बोलतो. संगणक सुरक्षेचं काम पाहणाऱ्या आपल्या सर्ट-इन या संस्थेनं २०२४ साली सॉफ्टवेअरच्या घटकांच्या यादीबाबत, ज्याला एसबॉम म्हणतात, तांत्रिक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. हे पाऊल योग्य आहे. पण प्रोग्रॅमसोबत आलेल्या डीएलएल मोजून अशी यादी केली, तर स्टॅटिक पद्धतीनं आत गेलेलं रनटाइम तिच्यात दिसणार नाही. ते फाइलीच्या नावात नसतं, फोल्डरमध्ये नसतं. ते फक्त ज्यानं बिल्ड केलं त्याच्या मशिनला ठाऊक असतं. म्हणून यादी बिल्डच्या वेळीच तयार झाली पाहिजे आणि तिच्यात कंपायलरची आणि सी रनटाइमची आवृत्ती असलीच पाहिजे.

नगरपालिका, सहकारी बँका, विद्यापीठं सॉफ्टवेअर करून घेतात तेव्हा करारात स्क्रीन किती, रिपोर्ट किती, प्रशिक्षणाचे दिवस किती हे सगळं असतं. त्यात आणखी दोन कलमं घालावीत अशी माझी विनंती आहे. स्टॅटिक पद्धतीनं आत घेतलेल्या लायब्ररीत दोष जाहीर झाला, तर इतक्या दिवसांत पुन्हा बिल्ड करून द्यायचं. आणि पुरवठादार हे करू शकला नाही तर ते दुसऱ्या कुणाला करता यावं म्हणून सोर्स, बिल्डच्या स्क्रिप्ट आणि लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्या संस्थेकडे जमा असाव्यात. जमा आहेत म्हणून थांबायचं नाही. वर्षातून एकदा कोऱ्या मशिनवर त्यांच्यापासून प्रोग्रॅम तयार होतो का ते करून पाहायचं. पुरवठादाराच्या एका जुन्या लॅपटॉपवरच बिल्ड होतं आणि तो लॅपटॉप आता सुरू होत नाही, हे कळायला दोष जाहीर होण्याची वाट पाहू नये.

महाविद्यालयांतल्या शिक्षकांना एक सुचवतो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची फाइल स्वीकारताना विद्यार्थ्याला तुमच्यासमोर ती एका वेगळ्या मशिनवर चालवायला सांगा. चालली तर विचारा, आत काय काय आहे आणि कोणत्या आवृत्तीचं. नाही चालली तर विचारा, बाहेर काय लागलं आणि ते कुठून येणार होतं. गुणपत्रिकेत या दोन प्रश्नांना पाच-पाच गुण ठेवा, आणि उत्तर ‘माहीत नाही’ असं आलं तर फाइल परत देऊन पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलवा.